मुक्त गोठ्यातल्या गाईंची डावी-उजवी बाजू: धारेचा ओटा बांधण्याआधीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

फलटण तालुक्यात आमचा १४ संकरित एचएफ (होल्स्टीन) गाईंचा मुक्त संचार गोठा आहे. गाई दिवसभर मोकळ्या असतात, धार मात्र अजून जुन्या छपरात बांधून, बादलीच्या मशीनवर काढतो. उन्हाळ्याच्या आत धारेचा पक्का ओटा बांधायचा आहे. मधे माणसाला उभं राहायला खड्डा आणि कडेला गाईंचा ओटा. दोन्ही कडांनी ओटा केला तर गवंड्याच्या अंदाजाने ८५,००० रुपयांच्या पुढे जातं, एकाच कडेने केला तर ४८,००० मध्ये भागतं.

एकाच कडेने करायला वहिनींची हरकत आहे, आणि धार त्याच काढतात. त्यांचं म्हणणं, काही गाई ठरलेल्या बाजूलाच उभ्या राहतात. दुसरीकडे नेल्या तर पान्हा चोरतात. आबांनी लगेच खिलार जोडीचा दाखला दिला. जुवाच्या उजव्या अंगाला चालणारा बैल डावीकडे जुंपला की नांगराचं सगळं तास वाकडं जायचं. पण बैलाची बाजू आपण खोंड असताना शिकवतो. या गाईंना बाजू कुणी शिकवलेली नाही. मग त्यांची ती स्वतःची आहे, जागेची आहे, की आपल्या हाताची सवय आहे? काँक्रीट पडल्यावर हे शोधत बसण्यात अर्थ नाही, म्हणून आधी वही घातली.

तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या कुशीवर बसते, धारेला कोणत्या बाजूला जाते, आणि अनोळखी माणूस आला की कोणत्या डोळ्याने बघते.

१३ नोव्हेंबर

पहिली पानं फाडून टाकली. मी गाईची डावी लिहीत होतो, पुतण्या त्याच्या बाजूने बघून डावी लिहीत होता. गाय तोंड आपल्याकडे करून बसलेली असली की दोघांचं उलट येणार हे उघड आहे, पण घाईत वही भरताना ते लक्षात येत नाही.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरून ओळखू म्हटलं. १२ आकडी बिल्ला सगळ्या गाईंना आहे, पण तो सगळ्यांच्या एकाच कानात नाही. आमच्या तीन गाईंच्या उजव्या कानात निघाला. म्हणून बिल्ला बाद.

आता प्रत्येक गाईच्या डाव्या पुठ्ठ्यावर गेरूचा पंजा मारला आहे. गेरू खाली दबला असेल तर ती डाव्या कुशीवर, वर दिसत असेल तर उजव्या कुशीवर. वहीत डावी-उजवी हे शब्दच लिहायचे नाहीत, "दिसतो" किंवा "दबला" एवढंच. गाय ज्या अंगाला पाय काढून बसते त्याच्या उलटी तिची कूस असते, हीसुद्धा पडताळायला सोपी खूण आहे. गेरू चार दिवसांत चाटून आणि घासून जातो, परत लावावा लागतो. चुना लावू नका, कातडीला आग होते.

२२ नोव्हेंबर

वहीत भलताच स्पष्ट निकाल आला. दुपारी आणि संध्याकाळी पाहिलं तर जवळजवळ सगळा गोठा डाव्या कुशीवर. पुतण्याला वाटलं शोध लागला. पोटी म्हणजे रूमेन, गाईचं पहिलं मोठं पोट, डाव्या अंगाला असते, तिचं ओझं जमिनीवर टेकवायला गाई डावीकडे बसत असतील, असं मलाही पटलं होतं.

मग आज पाणी सोडून गोठा धुतला आणि पाणी कुठे जातं ते बघत राहिलो. आमच्या मोकळ्या आवाराचा उतार दक्षिणेला, नालीकडे आहे. गव्हाण आणि माणसांची ये-जा पूर्वेला, त्यामुळे बहुतेक गाई पूर्वेकडे तोंड करून बसतात. उतारावर गाय पाठ चढाकडे आणि पाय उताराकडे ठेवून बसते. उलट बसली तर उठायला तिला जड जातं. पूर्वेकडे तोंड केलेल्या गाईचं उजवं अंग दक्षिणेला येतं. पाय दक्षिणेला, म्हणजे कूस डावी. आपण गाई मोजत नव्हतो, जमिनीचा उतार मोजत होतो.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाने वही उघडण्याआधी आवारात पाणी ओतून बघावं. आमचे बरेच दिवस यात गेले.

१ डिसेंबर

आवाराच्या पश्चिम भागात मुरूम टाकून एक तुकडा सपाट केला. मुरमाची ट्रॉली १,८०० रुपये, पसरायला आणि दाबायला मजुरी ६००. सपाट तुकड्यावर बसलेल्या गाईंच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या.

तिथे डावीकडचा कल गेला. दोन्ही कुशी साधारण बरोबरीत. शिवाय एक गोष्ट नीट दिसायला लागली: एकच गाय सारखी कूस बदलते. तासभर, कधी जास्त, एका कुशीवर रवंथ करते, मागचा भाग आधी उचलून उठते, कधी दोन पावलं टाकते, कधी नुसती उभी राहते, मग पुढचे गुडघे टेकून बऱ्याचदा दुसऱ्या कुशीवर बसते. दुभती गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते. एवढा वेळ एकाच अंगावर काढणं तिला परवडणारं नाही. त्यामुळे दुपारी एकदा चक्कर मारून "ही डावखुरी" असं ठरवू नका. तुम्ही गेलात तेव्हा ती त्या कुशीवर होती, यापलीकडे त्यातून काही कळत नाही.

पुतण्याच्या मित्राने दुसरीच गोष्ट काढली: गाई म्हणे चुंबकसुईप्रमाणे उत्तर-दक्षिण उभ्या राहतात. तसा अभ्यास खरोखर झाला आहे. २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांत कळपांची दिशा मोजून तसं मांडलं होतं, नंतर दुसऱ्या गटाला तसं आढळलं नाही. आमच्या आवारात गव्हाण पूर्वेला आहे, म्हणून तोंडं पूर्वेला. इथे चुंबकाची परीक्षा होऊच शकत नाही.

९ डिसेंबर

रात्रीच्या नोंदींसाठी कॅमेरा बसवला. २,६०० रुपये, कार्ड ४५० चं. रात्रीचं चित्र काळं-पांढरं येतं आणि त्यात गेरू दिसतच नाही. काळ्या अंगावर तर काहीच कळत नाही. पहिल्या आठवड्याची सगळी चित्रं वाया गेली. भिंगापुढे कोळ्याने जाळं केलं, त्यावर कॅमेऱ्याचा उजेड पडून अर्धी चौकट पांढरीफटक.

उपाय सापडला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर: मागे लावतात ती रेडियमची पट्टी. प्रत्येक गाईच्या गळ्यातल्या पट्ट्याला डाव्या अंगाने रेडियम चिकटवलं, कॅमेऱ्यात लख्ख चमकतं. पण गळ्यातला पट्टा फिरतो. सकाळी बघितलं तर निम्म्या गाईंचं रेडियम उजवीकडे. मग पट्ट्याला खालून जड घंटा बांधली. घंटेच्या वजनाने पट्टा फिरायचा थांबला. घंटांचा खर्च रेडियमपेक्षा जास्त झाला, पण त्यानंतर रात्रीची एकही चित्रफीत टाकून द्यावी लागली नाही. जाळ्यासाठी रोज संध्याकाळी भिंगावरून फडका.

२९ डिसेंबर

सपाट जागेवर, रात्रीच्या नोंदींत, दोन गाई बाकीच्यांपेक्षा ठळकपणे डाव्या कुशीवर जास्त बसतात: कपिला आणि मोरी. दोघी गाभण, नवव्या महिन्यात, आटवलेल्या म्हणजे धार बंद केलेल्या.

गाभण गाई शेवटच्या टप्प्यात डाव्या कुशीला जास्त पसंती देतात असं परदेशातल्या अभ्यासांतही आलेलं आहे. पोटातली जागा बघितली तर कारण समजतं. डावा भाग रूमेनने व्यापलेला, म्हणून वाढणारं वासरू उजवीकडे सरकतं. उजव्या कुशीवर बसलं तर सगळा दाब वासरावर. पहिल्या महिन्यात रूमेनबद्दल जे पटलं होतं, ते इथे लागू पडतं, पण सगळ्या गाईंना आणि बारा महिने नाही.

कामाची गोष्ट: गाभण गाईला डाव्या कुशीवर बसायला पुरेशी, कोरडी, सपाट जागा हवी. आमच्या उतारावर पूर्वेकडे तोंड केलं तरच तिला तसं बसता येत होतं. आटवलेल्या गाईंसाठी पश्चिमेचा सपाट तुकडा राखून ठेवला.

११ जानेवारी २०२५

कपिला व्यायली, कालवड झाली. कपिलाची कूस आठवड्यात बरोबरीवर आली. मोरीचं अजून व्हायचं आहे.

कालवड दोन दिवस आईजवळ ठेवली होती. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी घोडे, मेंढ्या, रेनडिअर, कांगारू अशा बऱ्याच प्राण्यांवरचं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. पिल्लू आईमागे जाताना तिला आपल्या डाव्या डोळ्याच्या टप्प्यात ठेवतं, असं त्यांना दिसलं. डाव्या डोळ्यातून येणारं बहुतेक सगळं मेंदूच्या उजव्या भागात जातं, आणि ओळख, भीती, जवळीक यांचं काम तिथे जास्त चालतं. एका कालवडीवरून मी काही लिहिणार नाही. पण इथून पुढे व्यायलेल्या गाईला वासरासह मोकळं सोडायचं आणि नोंद ठेवायची, एवढं वहिनींनी कबूल केलं आहे.

१९ जानेवारी

डोळ्यांच्या नोंदी. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या अँड्र्यू रॉबिन्स आणि क्लाइव्ह फिलिप्स यांनी २०१० मध्ये दाखवलं होतं की कळपाच्या वाटेत नवखी गोष्ट आली की गाई तिला डाव्या डोळ्याने बघत जाणं पसंत करतात, आणि ती ओळखीची झाली की उजव्या डोळ्याकडे वळतात. लसीकरणाचा दिवस ठरलेला होता, म्हणून बघायचं ठरवलं. डॉक्टर आवारात शिरले, गाई एकदम वळल्या, आणि बहुतेकींनी त्यांना डाव्या बाजूला ठेवलं.

पण चित्रफीत परत बघितल्यावर मी हा निकाल वहीत घातला नाही. गाईंच्या उजव्या हाताला भिंत होती. वळायला जागा फक्त एकाच दिशेने. पुन्हा उताराचीच गोष्ट.

आज आवाराच्या मध्यभागी, दोन्हीकडे सारखी मोकळी जागा ठेवून, शेजारच्या वस्तीवरच्या एका गड्याला पिवळा रेनकोट घालून उभं केलं आणि कळप पाण्याच्या टाकीकडे सोडला. बऱ्याच गाई त्याला डावीकडे ठेवून गेल्या, पण पुढची ढवळी ज्या बाजूने गेली तिच्यामागे बाकीच्या गेल्या, हेही दिसलं. ढवळीला मागे ठेवून सोडलं तेव्हा कळप दोन्ही बाजूंनी फुटला. कळपाचं मोजायचं तर एकेक गाय सोडावी लागेल, आणि एकटी सोडलेली गाय घाबरते, म्हणजे मोजणी पुन्हा बिघडते. माझ्याकडून इथे पक्कं काही निघत नाही.

तरी एक बदल लगेच केला. लस आणि तपासणीसाठी गाई ज्या बोळातून नेतो, तिथे नवखा माणूस त्यांच्या डाव्या अंगाला उभा राहील असं फाटक लावलं, आणि उजव्या बाजूला पत्रा ठोकला. पत्र्याचे ७४० रुपये. गाई थबकणं कमी झालं. ते पत्र्यामुळे की डोळ्यामुळे, सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दिवशी बदललं.

२ फेब्रुवारी

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची.

सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हरणी उठायला तयार नाही, ढोसावं लागलं." दूध थोडंच कमी होतं, चारा खात होती, ताप नाही. मी मागच्या रात्रीची चित्रं लावली. हरणी आजवर दोन्ही कुशींवर बरोबरीने बसणारी. गेल्या काही रात्री ती फक्त उजव्या कुशीवर होती. डाव्या कुशीवर एकदाही नाही, आणि एकदा बसली की फार वेळ उठत नाही.

तिला वेऊन महिना झाला होता, म्हणून डॉक्टरांनी आधी डाव्या बरगड्यांवर टिचक्या मारत स्टेथोस्कोप लावला. व्यायल्यानंतर चौथं पोट सरकून रूमेनच्या डावीकडे अडकण्याचा धोका याच दिवसांत असतो. तसा आवाज नव्हता. मग मागचे पाय उचलून बघितले. डाव्या मागच्या पायाच्या बाहेरच्या खुराला तळव्यात जखम, वरून खुराचं कठीण कवच वाढून झाकलेली. चालताना लंगडत नव्हती, किंवा इतकी कमी की आमच्या नजरेत आली नाही. दुखरा पाय खाली दाबला जाऊ नये म्हणून ती तो वर राहील अशी बसत होती.

खूर तासलं, जखमेवरचा दाब काढला आणि आतल्या निरोगी खुराखाली लाकडी ठोकळा चिकटवला, म्हणजे वजन त्यावर जाईल. डॉक्टरांची फी आणि ठोकळा मिळून १,३०० रुपये. लंगडायला लागल्यावर कळलं असतं तर दुधाचं नुकसान याच्या कितीतरी पट झालं असतं.

ही वही ओट्यासाठी घातली होती. आता मी ती हरणीसाठी चालू ठेवणार आहे. कोणती गाय कोणत्या कुशीवर बसते याला माझ्या लेखी फारशी किंमत उरलेली नाही. दोन्ही कुशींवर बसणारी गाय एकीवरच बसायला लागली, तर त्याच दिवशी तिचे खूर आणि कास तपासायची.

१६ फेब्रुवारी

हरणी दोन्ही कुशींवर बसायला लागली.

आता धारेची बाजू. जुन्या छपरात बांबूने तात्पुरता बोळ करून दोन्हीकडे जागा केल्या. आधी पेंडेचा हिशोब मिटवला: सवयीने डाव्या घमेल्यात पेंड जास्त पडत होती आणि गाई तिकडे धावत होत्या. दोन्ही घमेली वजन करून सारखी भरली. गाईंचा आत यायचा क्रम नेहमीचाच ठेवला, तो मोडला तर धक्काबुक्की होते.

१४ पैकी ६ गाई न चुकता एकाच बाजूला गेल्या. बाकीच्या रिकाम्या जागी उभ्या राहतात. वहिनींचं म्हणणं सहा गाईंपुरतं खरं आहे.

पण "बाजू" म्हणजे काय? आत येण्याच्या दिशेने बघितलं तर मधल्या माणसाच्या उजवीकडे उभी राहिलेली गाय आपलं डावं अंग त्याच्याकडे करते, डावीकडची उजवं. तिला जागा हवी आहे की तिला ठरावीक अंगाला हात लागलेला चालतो? हे वेगळं काढायला बोळाचं तोंड उलटवलं. गाई आता दुसऱ्या टोकाने आत येतात, म्हणजे त्याच जागी उभी राहिलेली गाय उलटं अंग देते.

२७ फेब्रुवारी

तोंड उलटवल्यावर पहिले काही दिवस सगळ्याच बिचकल्या, शेण टाकलं, दूध उशिरा सोडलं. ते दिवस मोजणीत धरले नाहीत. स्थिर झाल्यावर सहापैकी चार गाई जुन्याच जागी गेल्या, अंग कोणतंही येवो. त्यांना ती जागा हवी होती. चांदी आणि गौरी मात्र जागा सोडून पलीकडे गेल्या, म्हणजे डावं अंगच माणसाकडे राहील असं उभ्या राहिल्या.

चांदीचं कारण वहिनींनी लगेच सांगितलं. मागच्या वेताला तिच्या उजव्या पुढच्या सडाला दगडी (कासेची सूज) झाली होती, तिकडून हात गेला की ती अजून आकसते. गौरीचं कारण सापडलं नाही. आमच्या घरात हाताने धार काढताना गाईच्या डाव्या अंगाला बसतात, आणि गौरी सगळ्यात म्हातारी, मशीन येण्याआधीची. कदाचित तेवढंच.

मातेउस परान्यस द कोस्ता आणि डोनाल्ड ब्रूम यांनी २००१ मध्ये छापलेल्या अभ्यासातही होल्स्टीन गाई धारेची बाजू सातत्याने निवडताना दिसल्या होत्या, पण नावडत्या बाजूला धार काढली म्हणून दूध घटलं असं त्यांना आढळलं नव्हतं. आमचीही घट सुरुवातीच्या दिवसांपुरतीच राहिली.

९ मार्च

ठरलं. एकाच कडेचा ओटा, खड्ड्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे प्रत्येक गाय डावं अंग देईल. चांदी आणि गौरीला हेच हवं आहे, जागेच्या हट्टाच्या चार गाईंची जुनी जागाच नाहीशी होणार असल्याने त्यांना नवी जागा धरावी लागेल, आणि आठ गाईंना फरक पडत नाही. वहिनी अजून पूर्ण राजी नाहीत. चांदीची दगडी दुसऱ्या अंगाला झाली तर काय, असं त्या विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणून खड्ड्याची डावी भिंत अशी बांधतोय की पुढे तिकडेही ओटा जोडता येईल. सळ्या बाहेर काढून ठेवल्या आहेत. त्याचे ३,२०० रुपये वाढले.

फरशीला उतार फुटाला पाव इंच, गाईच्या मागच्या पायांकडे, आडवा अजिबात नाही. आडवा उतार दिला तर गाय एका अंगावर भार टाकून उभी राहते आणि तेच पुढे खुरावर येतं. गवंडी पाणी लवकर जावं म्हणून आडवा उतार देऊ बघत होता, त्याच्यासमोर पातळीची नळी धरून बसावं लागलं.

२३ मार्च

ओटा वापरात. पाइपसकट ५३,४०० रुपये झाले. चारपैकी तीन गाई रुळल्या, चौथी काळी अजून जुन्या छपराच्या दाराशी जाऊन उभी राहते; तिला ढवळीच्या पाठोपाठ आणलं की येते. चांदी पहिल्या दिवसापासून शांत.

दोन कालवडी मे महिन्यात वेतील. त्यांना आत्तापासून रोज ओट्यावरून नुसतं चालवतोय, दोन्ही अंगांना हात फिरवून, पेंड देऊन. कॅमेरा आणि घंटा तशाच आहेत. कूस-वहीचा रकाना आता एवढाच ठेवला आहे: "सलग दोन रात्री एकाच कुशीवर: हो / नाही."